एका सेकंदाला साडेसात इंच

"मॅडम, एपिसोड एकदम गोड झालाय. फक्त मधले गॅप तेवढे टाइट करून द्या."

यात न पटण्यासारखं काही नव्हतं. एका कॉलेजच्या आवारातून चालणारं छोटं सामुदायिक रेडिओ केंद्र, शंभर वॅटचा ट्रान्समीटर, दहा-पंधरा किलोमीटरचा टापू. तिथला हा निर्माता जेमतेम पंचविशीचा, कामाला वाघ, आणि आमच्या विशेष शाळेतल्या मुलांना रविवारची पंधरा मिनिटं द्यायची कल्पनाही त्याचीच. तो मागत होता ते कुठल्याही रेडिओवाल्यानं मागितलं असतं. मी 'हो, देते' म्हणून फोन ठेवला, गवार मोडायला बसले, आणि ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

गॅप कुठला, ते मला ठाऊक होतं. शाळेत शिकवणाऱ्या ताई एका मुलाला विचारतात, "तुला काय आवडतं?" आणि मग अकरा सेकंदांनी उत्तर येतं, "लोकल." रात्री हेडफोन लावून ते अकरा सेकंद पुन्हा ऐकले. लॅपटॉपच्या पडद्यावर तिथे जवळजवळ सपाट रेघ दिसते, पण कानाला तिथे बरंच काही आहे. आधी पंखा, ज्याचं एक पातं दर फेरीला कुठेतरी घासतं. मग खुर्चीचा पाय फरशीवर सरकल्याचा आवाज. बाहेर शाळेची व्हॅन मागे घेताना वाजणारी ती रडकी धून. त्यानंतर मुलाचा श्वास, नाकातून, बराच लांब. मग ओठ मिटून काढलेला एक 'म्', अर्ध्यावर सोडून दिलेला. पुन्हा पंखा. आणि शेवटी जीभ टाळूला चिकटून सुटते तो ओला, बारीकसा 'टक्', ज्याच्या पाठोपाठ 'लोकल' येतं. हा 'टक्' इतका स्पष्ट आहे, की दोन-तीनदा ऐकलं की आपलीही जीभ आपोआप वर जाते.

मी आकाशवाणीवर कॅज्युअल अनाउन्सर म्हणून लागले, तेव्हा स्टुडिओत स्पूलचं राज्य होतं. टेप सेकंदाला साडेसात इंच या वेगानं पळायची. संकलन म्हणजे अक्षरशः कापाकापी: हातानं स्पूल मागेपुढे करत नेमकी जागा ऐकायची, पेन्सिलीनं खूण करायची, ब्लेडनं तिरका काप द्यायचा, नको तो तुकडा खाली टाकायचा आणि दोन टोकं चिकटपट्टीनं जोडायची. काप तिरका अशासाठी, की सरळ कापलं तर जोडावर 'खट्' असा आवाज येतो. एका लांबलचक मुलाखतीनंतर पायाशी तपकिरी टेपच्या फितींचा ढीग पडलेला असायचा, आणि त्यात बहुतेक सगळे लोकांचे श्वास, 'अं...', 'म्हणजे...' आणि विचार करायला घेतलेला वेळ. शांतता तेव्हा मोजता यायची, हातात धरता यायची. एक सेकंद म्हणजे साडेसात इंच, माझ्या वितीपेक्षा किंचित कमी. त्या हिशेबानं या मुलाचे अकरा सेकंद म्हणजे जवळपास सात फूट टेप, नुसत्या न बोलण्याची.

रेडिओवर शांततेची भीती असते. ती अंगात भिनवलीच जाते. निवेदन संपलं, फेडर वर केला आणि गाणं लागलं नाही, की तीन-चार सेकंदांत ड्यूटी रूममधून फोन. घरी ऐकणाऱ्याला वाटतं सेट बिघडला, तो उठून वर एक थाप मारतो. आता तर ही भीती यंत्रालाच देऊन टाकली आहे: ठरावीक वेळ आवाज आला नाही, की आपोआप इशारा वाजतो. त्यामुळे गॅप बंद करणं हे माझ्या हाताचं जुनं काम. माऊसनं तर ते ब्लेडपेक्षा सोपं.

या वेळी हात चालेना.

शाळेत हे रेकॉर्डिंग शिरलं ते २०२० मध्ये. शाळा बंद झाल्या आणि सगळीकडे व्हिडिओवर वर्ग सुरू झाले. आमच्या मुलांचा तो वर्ग मी एकदा पाहिला. पडद्यावर चौकटी, प्रत्येक चौकटीतून कुणाची तरी आई "इकडे बघ, ताईंकडे बघ" म्हणतेय, एक मुलगा फोन चाटतोय, एक टेबलाखाली, आणि बाकीच्या चौकटींत नुसते छताचे पंखे. वैतागून ताईंनी व्हिडिओ बंद केला आणि रोज सकाळी व्हॉट्सॲपवर आवाज पाठवायला सुरुवात केली. "दात घासलेस का?" मग त्या थांबायच्या. चांगल्या थांबायच्या. मग "शाब्बास! आज नाश्त्याला काय होतं?" पुन्हा थांबणं. मुलं त्या मोकळ्या जागेत उत्तरं द्यायला लागली. काही एका शब्दात, काही नुसता हुंकार देऊन, काही फोनला पापी देऊन. बघायचं कुणाकडेच नव्हतं, आणि कुणी आपल्याकडे बघतही नव्हतं. नजरेला नजर देणं ज्यांना जड जातं, त्यांच्यासाठी हा केवढा मोठा सुटकेचा श्वास होता, ते आम्हाला हळूहळू कळलं.

रेडिओच्या शाळेची ही युक्ती तशी जुनीच. १९७४ मध्ये निकाराग्वात रेडिओवरून गणित शिकवायचा प्रयोग झाला. त्यात रेडिओवरचा मास्तर प्रश्न विचारून मुद्दाम थांबायचा, वर्गातली मुलं ओरडून उत्तर द्यायची, आणि मग तो बरोबर उत्तर सांगायचा. मास्तरला काही ऐकू येत नसायचं, तरी संवाद चालायचा. टाळेबंदीत आकाशवाणी नागपूरवरून 'शाळेबाहेरची शाळा' सुरू झाली, तेव्हा रेडिओची ही ताकद आपल्याकडच्याही अनेकांना नव्यानं आठवली. पण अशा धड्यांतला थांबा सगळ्यांसाठी एकच असतो, आधी बेतलेला. ताईंना मात्र प्रत्येक मुलाचा थांबा माहीत होता. एकाला दोन सेकंद पुरतात, एकीला आठ, एकाला आज पाच लागले तर उद्या वीस. त्या प्रत्येकासाठी वेगळा निरोप पाठवायच्या. २०२१ मध्ये व्हॉट्सॲपवर निरोप दीडपट, दुप्पट वेगानं ऐकायची सोय आली. एक आई सगळ्यांचे निरोप दीडपटीनं ऐकायला लागली, अगदी सासूबाईंचेसुद्धा. तिच्या मुलानं मात्र ताईंचा निरोप तसा वाजला की फोन हिसकावून घ्यायचा आणि वेग पूर्ववत होईपर्यंत परत द्यायचा नाही.

'लोकल' म्हणणारा मुलगा निराळा. शाळेत त्याला सगळे स्टेशनमास्तर म्हणतात. त्याचं स्वतःचं बोलणं फार थोडं, पण रेल्वेची उद्घोषणा ऐकावी तर त्याच्याकडून. स्वरांचे चढउतार, आकड्यानंतरचा तो जरासा झटका, सगळं जसंच्या तसं. डोंबिवलीपासून सुरुवात करून कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा करत तो एका दमात सीएसएमटीला पोचतो. परळ आणि करी रोडची अदलाबदल कधी होत नाही. मध्य रेल्वेवर वर्षानुवर्षं जो आवाज आपण ऐकत आलो, तो सरला चौधरी यांचा. ऐंशीच्या दशकात त्या प्रत्यक्ष माइकवर उद्घोषणा करायच्या. पुढे संगणक आला, त्यांचा आवाज तुकड्या-तुकड्यांनी साठवला गेला. त्या दुसऱ्या कामावर गेल्या, तरी आवाज फलाटावरच राहिला. आकडे वेगळे, गावं वेगळी, 'साठी' वेगळं. यंत्र ते जोडून वाक्य करतं. नीट कान दिला तर जोड ऐकू येतात. स्टेशनमास्तर ते जोडही म्हणतो.

असं दुसऱ्याचं ऐकलेलं बोलणं जसंच्या तसं बोलत राहणं, हे स्वमग्न मुलांमध्ये पुष्कळदा दिसतं. कित्येक वर्षं ते निरर्थक समजून बंद पाडायचा आटापिटा व्हायचा. १९८१ मध्ये बॅरी प्रिझांट आणि ज्युडिथ डुचन या दोन संशोधकांनी अशा मुलांचं बोलणं बारकाईनं तपासलं. त्यांना दिसलं, की या पुनरुक्तीला काम असतं: कधी पाळी घेणं, कधी होकार, कधी स्वतःला सावरणं. आमच्या शाळेत हे शोधायला कागदपत्रं लागत नाहीत. एकदा डब्याच्या वेळी स्टेशनमास्तरच्या हातून पाण्याची बाटली आडवी झाली, मावशींच्या चपला भिजल्या. त्यानं मान खाली घालून, पण अगदी खणखणीत आवाजात जाहीर केलं, "प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." मावशींनी ती माफी अजून जपून ठेवली आहे, कुणी नवीन पाहुणा आला की सांगतात.

प्रत्यक्ष रेकॉर्डर हातात आला तो शाळा उघडल्यावर. साधा, तळहातावर मावणारा, वर फोमची काळी टोपी. टोपीचाच उपयोग जास्त झाला. ज्याच्या हातात टोपीवाला माइक, त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी गप्प बसायचं. पाळी-पाळीनं बोलणं ही गोष्ट तोंडी समजावून जी कधी पोचली नव्हती, ती त्या काळ्या बोंडानं पोचवली. अर्थात एकानं बोंडाचा चावा घेतला, म्हणून आता दोन टोप्या ठेवतो.

स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकताना एकानं स्पीकर उलटा करून मागे पाहिलं. एकीनं कान झाकले. मला तिचंच पटलं. आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी ऐकू येतो, हवेतून आणि कवटीच्या हाडांतून; हाडांतून येणाऱ्या आवाजात खर्ज जास्त असतो. रेकॉर्डिंगमध्ये ती दुसरी वाट तुटते आणि आवाज पातळ, परका होतो. माइकसमोर इतकी वर्षं काढूनही मला माझा आवाज ऐकवत नाही. ही मुलगी मात्र थोड्या दिवसांनी उलट्या वाटेला लागली. तिला कुकरच्या शिट्टीची विलक्षण भीती. शिट्टी झाली की कानांवर हात, डोळे घट्ट मिटलेले, आणि कधी कधी भिंतीवर डोकं. घरी तिची आई ती शाळेत असतानाच वरणभात उरकायची. कुणाला सुचलं आठवत नाही, पण तिच्या आईनं एक दिवस शिट्टी रेकॉर्ड करून आणली. ताईंनी स्पीकरचं बटण अगदी खाली केलं आणि ते तिच्या हातात दिलं. तिनं ते वर केलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग एकदा एवढंसं वर, लगेच खाली. कुणी काही बोललं नाही. पुढे तिनं हा खेळच केला. शिट्टी मोठी करायची, लहान करायची, 'बंद' म्हणून बंद करायची आणि आमच्याकडे बघून हसायचं. घरच्या कुकरची भीती गेली का? नाही. तिथे बटण आईच्या हातात असतं, किंवा कुणाच्याच नाही. पण शिट्टी होणार असली की आई आता आधी सांगते, आणि ती स्वतः उठून आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेते. एवढं झालं.

आणखी एक मुलगा आहे, सेरेब्रल पाल्सी असलेला. समज उत्तम, पण शब्द तोंडात फुटत नाहीत. त्याच्यासाठी एक मोठं तांबडं बटण आहे. त्यात काही सेकंदांचा आवाज भरून ठेवता येतो, आणि त्याच्या मनगटाचा धक्का लागला की तो वाजतो. कार्यक्रमाचा निवेदक तोच. "नमस्कार श्रोतेहो!" हे वाक्य त्याच्या धाकट्या बहिणीच्या आवाजात आहे, कारण त्यानं तिच्याकडेच मान वळवली. हे ऐकताना मला दरवेळी दोन गोष्टी होतात. त्याचा धक्का नेमक्या वेळी बसला की छाती भरून येते. आणि लगेच वाटतं, हा आवाज कुणाचा? तेरा वर्षांच्या मुलाच्या तोंडी दहा वर्षांच्या मुलीचा गोड आवाज. आणखी दोन वर्षांनी त्याला तो चालेल का? तेव्हा मोठ्या मुलाचा आवाज कुठून आणायचा? बहीण म्हणते, "मी जाड आवाज काढीन."

पालकांना परवानगीचा कागद दिला, तेव्हा बहुतेकांनी पहिला प्रश्न विचारला, "फोटो नाही ना?" नाही म्हटल्यावर चेहरे सैल झाले. एका वडिलांनी सही करताना सांगितलं, "नाव फक्त पहिलं घ्या. आडनाव नको. मोठीचं बघतोय." ते मुलाला रोज खांद्यावरून शाळेत आणणारे वडील आहेत. पावसाळ्यात स्वतः भिजतात, त्याच्यावर छत्री धरतात. त्यांना काय बोलणार? रेडिओला चेहरा नसतो, म्हणून ही मुलं रेडिओवर येऊ शकली. आणि चेहरा नसतो म्हणूनच घरच्यांनी येऊ दिली. या दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या आहेत, आणि पहिलीचा आनंद मानताना दुसरी मला टोचत राहते.

तर ते अकरा सेकंद. २००९ मध्ये काही अभ्यासकांनी जगातल्या दहा भाषांमधल्या गप्पा मोजल्या. प्रश्न संपल्यावर उत्तर सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा भाग लागतो. जपानी सगळ्यात झटपट, डॅनिश सगळ्यात सावकाश, पण सावकाश म्हणजे तरी अर्धा सेकंद. त्याच्याही आधी, सत्तरच्या दशकात, मेरी बड रो या अमेरिकन बाईंनी वर्गात घड्याळ लावून पाहिलं, तर शिक्षक प्रश्न विचारून साधारण एकच सेकंद थांबतात असं निघालं. तेच तीन सेकंदांपर्यंत वाढवलं, की मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारीही बोलायला लागतात. ही सगळी साधी शाळा, साधी मुलं. आमच्या स्टेशनमास्तरला प्रश्न आत घेऊन, उलगडून, शब्द शोधून, तो तोंडाच्या स्नायूंपर्यंत न्यायचा असतो. त्यातच मधे पंखा घासत असतो आणि व्हॅन रडत असते, आणि हे आवाज त्याला तुमच्याआमच्यासारखे मागे टाकता येत नाहीत. अकरा सेकंदांत तो आला, हे मला तरी वेगवान वाटतं.

मी निर्मात्याला हे सगळं फोनवर सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, पण ऐकणारा बाइकवर असतो. त्याला वाटणार सिग्नल गेला. तो स्टेशन बदलणार, आणि मग पोराचं 'लोकल' ऐकायला कुणीच नसणार." यावर मला उत्तर सुचेना, कारण मुद्दा बिनतोड होता. मग त्यानंच तोडगा काढला, "गॅपमध्ये मागे हलकी बासरी टाकू?" तिथे मात्र मी ठाम राहिले. बासरी नको. विशेष मुलांबद्दल काही म्हटलं, की मागे बासरी लागतेच. पियानो लागला तर अजूनच वाईट. ऐकणाऱ्याला कधी कळवळायचं ते संगीतानं सांगायचं असेल, तर मुलांना बोलावलंच कशाला? अर्जेंटिनात, ब्वेनोस आयरेसमधल्या बोर्दा मनोरुग्णालयात १९९१ पासून 'ला कोलिफाता' नावाचा रेडिओ चालतो, रुग्णांनीच चालवलेला. सुरुवातीला टेपवर रेकॉर्डिंग करून, त्याचे छोटे तुकडे बाहेरच्या केंद्राला दिले जायचे. म्हणजे त्यांनीही कापलंच. कापल्याशिवाय दार उघडलं नसतं. हे आठवलं आणि माझा ताठा जरा सैल झाला.

सहा सेकंदांवर तडजोड झाली. कुठले पाच काढायचे ते मी ठरवणार, एवढी अट घातली. पंखा काढला, खुर्ची काढली, व्हॅन काढली. श्वास, तो अर्धा 'म्' आणि जिभेचा 'टक्' ठेवला.

रविवारी कार्यक्रम लागायला दोन-तीन मिनिटं उशीर झाला, आधीची मुलाखत लांबली होती. ताईंच्या घरी काही मुलं जमली होती. तिथे स्टेशनमास्तरनं घड्याळाकडे पाहून कार्यक्रम उशिरानं धावत असल्याची उद्घोषणा केली, मराठी, हिंदी, इंग्रजी, या क्रमानं. संध्याकाळी त्याच्या आईचा मला फोन आला. "अहो मॅडम, किती पटकन उत्तर दिलं हो त्यानं! घरी तर एवढा वेळ लावतो." मी काही क्षण गप्प राहिले. मग सांगितलं, की ते कापलेलं आहे, आणि मूळ फाइल पाठवून दिली. तिला वाईट वाटेल अशी धाकधूक होती. थोड्या वेळानं तिचाच निरोप आला, त्यात मागे मिक्सर चालू. "मॅडम, तो मधे 'म्' म्हणतो ना, तो मुंब्र्याचा. त्याला आवडतं मुंब्रा, तिथे डोंगर अगदी रुळाला लागून आहे. पण मुंब्रा म्हटलं की लोक हसतात, म्हणून बदललं असेल त्यानं."

आता पुढचा कार्यक्रम मुंब्र्याचा करायचं ठरलं आहे. दोन मुलं, दोन टोप्या, ताई आणि मी. रेल्वेच्या परवानगीसाठी अर्ज केला आहे. मी आपलं सहज म्हणून गेले, की दिव्याहून जलद पकडू, लवकर पोचू. स्टेशनमास्तर तिथल्या तिथे, एक सेकंदही न घालवता म्हणाला, "जलद लोकल मुंब्रा स्थानकावर थांबणार नाही."